दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास आणि ढाब्यावरची बाज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४३, वजन ८४ किलो, दिवसभर खुर्चीतलं काम. सहा महिन्यांपूर्वी घेतलेली हायब्रिड सायकल, सगळ्यात लांब फेरी खडकवासल्यापर्यंत जाऊन-येऊन ३५ किलोमीटर, सरासरी ताशी १९-२० किलोमीटर. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्यातून २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची आहे आणि हातात १२ आठवडे आहेत. ग्रुपमधले लोक २८ च्या सरासरीने जातात, म्हणून आधी वेग वाढवू की अंतर? ७०-८० हजारांची रोडबाइक घेऊ का? जिम लावू का? गुडघा अधूनमधून कुरकुरतो. आणि मुळात हे आपल्याला झेपेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बहुधा झेपेल. हे ‘बहुधा’ तुमच्या वेगामुळे आलेलं नाही, कारण वेग तुमच्याकडे आजच पुरेसा आहे. पटत नसेल तर कागद-पेन घ्या.

२०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. सकाळी ६ ला निघालात तर संध्याकाळी साडेसातपर्यंत परत यायचं. चाकं फिरत असताना तुमचा वेग २० राहिला तर सायकल चालवण्याचे झाले १० तास, उरले साडेतीन. दमून वेग १८ वर आला तरी ११ तास ७ मिनिटं होतात आणि २ तास २३ मिनिटं हातात राहतात. २८ च्या सरासरीची इथे कुणाला गरजच नाही. ही मूळची फ्रेंच भानगड आहे, पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबची, आणि तिचं पंढरपूर म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ साली सुरू झालेली, आता दर ४ वर्षांनी होते. १२०० किलोमीटरना ९० तास. भागाकार करा, तासाला तेरा-साडेतेरा किलोमीटर येतात, झोपेसकट. त्या मानाने तुम्ही रॉकेट आहात.

मग लोक वेळेबाहेर का जातात? पहिल्या खेपेला मीही गेलो होतो, म्हणून ती गोष्ट जरा तपशिलात सांगतो.

२०१३ ची थंडी. पुणे-सातारा-पुणे. खंबाटकी चढून, सुरूर, भुईंज मागे टाकून साताऱ्याच्या कंट्रोलला, म्हणजे वाटेत वेळेची नोंद करायच्या ठिकाणी, ११ वाजून ५० मिनिटांनी पोचलो. कंट्रोल बंद व्हायला जवळजवळ तास बाकी होता. छाती फुगली. मिसळ मागवली, मग वाटलं आता एवढं आलोय तर थाळीच घेऊ, मग ताक, मग फोटो, मग घरी फोन. तिथून हललो तेव्हा एक वाजला होता. परतीला समोरून वारा, डोक्यावर ऊन आणि पोटात तर्री. शिरवळच्या अलीकडे एका ढाब्यावर पाणी प्यायला थांबलो. बाहेर बाज टाकलेली होती. ‘पाच मिनिटं पाठ टेकतो’ म्हणून आडवा झालो आणि जाग आली ती ढाब्यावरचा पोरगा माझ्या सायकलची घंटा वाजवून बघत होता त्या आवाजाने. चाळीस मिनिटं गेली होती. शिंदेवाडीहून कात्रजचा चढ मी अक्षरशः हातात सायकल धरून चढलो. शेवटच्या कंट्रोलला पोचलो ७ वाजून ५२ मिनिटांनी, म्हणजे २२ मिनिटं उशिरा.

दुसऱ्या दिवशी फोनमधली नोंद उघडून बघितली. चाकं फिरत होती ९ तास ५० मिनिटं. मी उभा, बसलेला किंवा आडवा होतो ४ तास २ मिनिटं.

पुढच्या वर्षी तोच रस्ता मी १२ तास १० मिनिटांत केला. आणि त्यात सायकल चालवण्याचा वेळ होता १० तास ५ मिनिटं! म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा मी पंधरा मिनिटं हळू चालवली होती, फक्त थांबलो निम्माच.

तुमचा खरा प्रश्न मला हा दिसतो: दहा-अकरा तास खोगिरावर बसून, पोट न बिघडवता, न रेंगाळता पुढे सरकत राहायचं कसं. सराव त्याचा करायचा. वारीला गेला असाल तर लक्षात आलं असेल, रिंगण-धावा सोडला तर पालखीत कुणी धावत नाही. पण विसावा कुठे, किती वेळ, हे ठरलेलं असतं आणि तुतारी झाली की उठायचंच.

आता १२ आठवड्यांचं बघू. मी नवीन लोकांना आठवड्यातून तीनच दिवस सायकल चालवायला सांगतो. नोकरी, घर, झोप सांभाळून चौथा दिवस कागदावरच राहतो आणि तो चुकला म्हणून माणूस उगाच खट्टू होतो. मंगळवारी सकाळी तासभर सपाट रस्त्यावर, हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवत. मिनिटाला ८०-८५ फेरे पडायला हवेत. सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण आपल्याला लहानपणापासून जड पेडल रेटायची सवय असते. पण गुडघे वाचतात ते इथेच. गुरुवारी एखादा चढ: जुना कात्रज घाट किंवा चांदणी चौकाचा चढ दोन-तीनदा. बोपदेव सध्या नको, तो गुडघ्याला महाग पडेल. आणि रविवार लांबच्या फेरीचा.

रविवारची अंतरं साधारण अशी ठेवा. पहिला आठवडा ४०, मग ५०, मग ६०. चौथ्या आठवड्यात मुद्दाम उतरून ४०. पुढे ७०, ८५, १००. आठव्या आठवड्यात दिवाळी येतेय, तेव्हा ५० पुरे, फराळ खा. मग ११०, मग १३०. अकराव्या आठवड्यात ६० आणि बाराव्यात प्रत्यक्ष २००. पहिल्या रविवारी गणपती असतील, तेव्हा गर्दीचे रस्ते टाळायला पहाटे साडेपाचलाच बाहेर पडा. पाचवा आठवडा नवरात्रात येतो. नऊ दिवसांचे उपास धरत असाल तर त्या रविवारचं अंतर कमी करा, किंवा साबुदाण्याची खिचडी, बटाटा, केळी भरपूर खाऊन निघा. निरंकार उपास आणि ७० किलोमीटर मात्र एका दिवशी नको.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. एखादा रविवार पावसात गेला, ताप आला, ऑफिसने पळवला, तर पुढच्या रविवारी दोन्हींची भरपाई करायला जाऊ नका. आधीच्या पायरीवरून पुन्हा सुरू करा. मी पाहिलेल्या दुखापतींपैकी बऱ्याचशा या ‘भरपाई’च्या आहेत.

सरावात जास्तीत जास्त १३०, मग उरलेले ७० कुठून येणार, असं तुम्हाला वाटेल. सगळे विचारतात. १३० नीट खात-पीत, गप्पा मारता येतील अशा वेगाने केलेत आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला, तर पुढचे ७० पायांत असतात. ते बाहेर येतात की नाही, हे पोट आणि घड्याळ ठरवतं. सरावातच २०० केलेत तर पुढचे दहा-बारा दिवस शरीर त्यातच गुंतून पडेल, आणि तेवढे दिवस तुमच्याकडे नाहीत.

रस्ते तुम्हाला माहीत असतीलच, तरी माझी पसंती सांगतो. ७०-८५ साठी खडकवासल्याच्या पुढे पानशेत. धरणाच्या कडेचा तो रस्ता छोट्या छोट्या चढउतारांचा आहे, गिअर बदलण्याची शाळाच म्हणा. शंभरसाठी दिवे घाटातून सासवड, जेजुरी आणि परत. घाटात ट्रक असतात, सातच्या आत वर पोचा. १३० साठी जुन्या महामार्गाने लोणावळा आणि परत. चुकूनही द्रुतगती मार्गावर चढू नका, तिथे सायकलला बंदी आहे.

या प्रत्येक फेरीत एक गोष्ट करा. फोनमधल्या अ‍ॅपचं ‘ऑटो-पॉज’ बंद करा. ते चालू असलं की तुम्ही चहाला थांबलात की घड्याळही थांबतं, आणि घरी येऊन ‘आज २१ ची सरासरी पडली’ म्हणून तुम्ही खूश होता. बीआरएममध्ये कुणीही ते घड्याळ थांबवत नाही. सुरुवातीला आकडा बघून वाईट वाटेल. खडकवासल्याची तुमची १९-२० ची सरासरी मक्याच्या कणसासकट १५ निघेल. बरं झालं, आत्ताच कळलं.

थांबण्याचीही तालीम लागते. माझा क्रम ठरलेला आहे: आधी बाटल्या भरायच्या, मग लघवी, मग हातात खाणं घेऊन उभ्याउभ्या ते संपवायचं, निघायचं. दहा मिनिटं. चहा प्यायचाच असेल तर उभ्याने. खुर्ची दिसली की बसावंसं वाटतं आणि बसलं की मेनूकार्ड येतं. २०० मध्ये मी एकदाच बसतो, अर्ध्यावर, २५ मिनिटं, फोनला गजर लावून. आणि बाजेपासून आजही चार हात लांब असतो.

आता खाण्याबद्दल. इथे मी जरा लांबण लावणार, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच बाद होतात.

शरीरात साठवलेली साखर मध्यम-जोरकस मेहनतीला दीड-दोन तास पुरते. पुढे बाहेरून द्यावं लागतं, नाहीतर एका वळणावर अचानक दिवे जातात. हातपाय थरथरतात, डोकं चालेनासं होतं, चिडचिड होते. ज्याला हे एकदा झालंय तो विसरत नाही. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि वर राजगिऱ्याचा लाडू किंवा तीन-चार खजूर, हा हिशोब बसतो. भूक लागायची वाट बघायची नाही, दर अर्ध्या तासाला गजर लावून दोन घास. शेंगदाण्याची चिक्की चालते, पण ती पचायला वेळ घेते, तेव्हा पहिल्या शंभरात संपवा. मीठ लावलेले छोटे उकडलेले बटाटे पिशवीत घालून न्या, गोड खाऊन तोंडाला मिठी बसली की त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. माझी बायको पातळ पुरणपोळी चौघडी करून कागदात गुंडाळून देते, तूप न लावता. बाजारातल्या सगळ्या जेल आणि बार यांच्या वर मी तिला ठेवतो. कुणाला, ते तुम्ही ठरवा.

मिसळ, वडापाव, थाळी हे सगळं परत आल्यावर. तेल-तिखट वाईट आहे असं नाही, पण ते पचवायला पोट जे रक्त मागतं तेच रक्त पायांनाही हवं असतं.

पाण्याचं प्रमाण हवेवर अवलंबून. डिसेंबरच्या सकाळी तासाला अर्धा लिटर पुरतं, दुपारी पाऊण लागतं. दोन बाटल्या ठेवा: एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि ते तहानेइतकंच धोक्याचं आहे. जे काही त्या दिवशी खाणार-पिणार ते सगळं आधी रविवारच्या फेऱ्यांमध्ये खाऊन बघा. त्या दिवशी नवीन काहीही नको: खाणं नको, शॉर्ट्स नको, बूट नकोत.

सायकलचा प्रश्न. रोडबाइक घेऊ नका, निदान या २०० साठी तरी नको. नवीन सायकलवर शरीर बसायलाच महिना-दीड महिना जातो, वाकून बसण्याने मान-पाठ वेगळी बोलू लागते, आणि तुमचे १२ आठवडे त्यातच जातील. हायब्रिडवर २०० करणारे प्रत्येक बीआरएमला दिसतात. त्यापेक्षा थोडा खर्च इथे करा. टायर जाड नक्षीचे असतील तर ३२ किंवा ३५ मिलिमीटर रुंदीचे गुळगुळीत टायर टाका, फरक पहिल्याच दिवशी कळेल. सरळ हँडलला दोन्ही टोकांना बार-एंड, म्हणजे शिंगांसारख्या छोट्या मुठी, लावून घ्या. सरळ हँडलवर हात एकाच जागी राहतो आणि ७०-८० किलोमीटरनंतर करंगळीकडची बोटं बधिर होतात, त्यावर हाताची जागा बदलत राहणं हाच उपाय. चांगल्या पॅडेड शॉर्ट्स दोन घ्या. आणि लाइट.

शॉर्ट्सबद्दल सांगायला लोक लाजतात, मी सांगतो. त्या आत काहीही न घालता घालायच्या असतात. आतल्या चड्डीची शिवणच साठ-सत्तर किलोमीटरला सोलपटून काढते. जांघेत व्हॅसलिन लावा. सीटवर जेलचं मऊ कव्हर चढवू नका. ते पहिल्या दहा किलोमीटरला गादी वाटतं, नंतर त्यात बूड रुततं आणि नको तिथे दाब येतो. दर पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहून दहा-बारा फेरे मारायची सवय आत्तापासूनच लावा. पार्श्वभाग तक्रार करणारच, पण सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत बराच निबर होतो.

जिम? वेळ असेल तर जरूर, पण सायकलचा दिवस मारून नको. घरी पंधरा मिनिटं, आठवड्यातून दोनदा: प्लँक, बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणं. आठव्या तासाला हँडलवर धड तोलून धरतं ते पोट आणि कंबर, मांड्या नव्हेत.

आता त्या ‘बहुधा’कडे येतो. काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. चाळिशी ओलांडलेली आहे, काम बैठं आहे, तेव्हा अंतर ६० च्या पुढे नेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला हृदयविकार असेल तर ते आवर्जून सांगा, स्ट्रेस टेस्ट करायची का ते त्यांना ठरवू द्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दिवसभर घाम गाळणार आहोत हेही सांगा, कारण काही गोळ्या लघवीवाटे पाणी-मीठ बाहेर टाकतात. सायकलवर छाती आवळल्यासारखी वाटली, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं, चक्कर आली, तर तिथेच थांबून मदत मागायची. बीआरएम दर हंगामात असतात. आणि गुडघा दुखतोय म्हणून वाटेत वेदनाशामक गोळी खाऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते, शिवाय दुखणं झाकून तुम्हाला चुकीच्या दिशेने पन्नास किलोमीटर पुढे नेते.

दुसरी अवलंबून असलेली गोष्ट म्हणजे मार्ग. तुम्ही कुठल्या मार्गाची २०० निवडलीय ते लिहिलेलं नाही. भिगवणच्या बाजूची सपाट २०० आणि वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी गाठणारी २०० यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली सपाट निवडा, त्यात काही कमीपणा नाही. फेरीच्या नोंदकार्डावर दोन्हींचे किलोमीटर २००च लिहिले जातात. घाटवाली निवडली असेल तर गुरुवारचा चढ कुठल्याही आठवड्यात चुकवू नका. आणि हो, चढावर उतरून सायकल ढकलत नेली तरी ती नियमात बसते. मी कात्रजला केलं तेच.

नियमांचं बाकी फारसं अवघड नाही. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो. ते नोंदकार्ड, म्हणजे ब्रेव्हे कार्ड, मिळतं, वाटेतल्या कंट्रोलवर शिक्का मारायचा किंवा सांगितलं असेल तिथून वेळ छापलेली पावती घ्यायची. प्रत्येक कंट्रोलची उघडायची-मिटायची वेळ असते. सहाला निघालात तर १०० किलोमीटरचा कंट्रोल १२ वाजून ४० मिनिटांनी बंद होतो, हा एक आकडा हातावर लिहून ठेवा. कंट्रोलच्या मध्ये घरच्यांची गाडी मागे ठेवून मदत घेता येत नाही, जे लागेल ते स्वतःजवळ किंवा वाटेतल्या दुकानातून. हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आयोजक निघण्याआधी तपासतात. ते नियमापुरतं घेऊ नका. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. तुम्ही साडेसातला येणार, म्हणजे शेवटचा दीड तास अंधारात, सगळ्यात दमलेले असताना, महामार्गाच्या कडेने आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्यांसमोर. म्हणून एक रविवार पहाटे पाचला निघून अंधारात चालवण्याचा सराव करा. मागचा लाइट दिवसाही चालू ठेवा.

प्रत्यक्ष दिवशीचं थोडं. आदल्या रात्री साधं वरण-भात-भाजी, लवकर. पहाटे साडेचारला थोडे पोहे, चहा. झोप नीट लागणार नाही, कुणालाच लागत नाही. त्याच्या आदल्या रात्री, म्हणजे शुक्रवारी, पुरेपूर झोपलात तर निभतं. सुरुवातीला सगळे सुसाट सुटतात. जाऊ द्या. पहिले ५० किलोमीटर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच जोर. दम लागून शब्द तुटायला लागले की गिअर हलका करा. कुणाच्या मागे राहून वारा वाचवता आला तर वाचवा, बीआरएममध्ये ते चालतं. पण अनोळखी माणसाच्या चाकाला चाक लावून नको, खड्डा चुकवायला तो हिसका देईल आणि तुम्ही आडवे व्हाल.

१३० ते १६० च्या मधे एक टप्पा येतो. तिथे ‘हे मी का करतोय’ असं वाटणारच. मला अजूनही वाटतं. माझा नियम: रिकाम्या पोटी सोडायचा निर्णय घ्यायचा नाही. आधी खायचं, पाणी प्यायचं, पंधरा मिनिटं हळूहळू चालवायची, मग विचार करायचा. दहापैकी आठ-नऊ वेळा तो विचार तोवर मागे राहिलेला असतो. उरलेल्या वेळी खरंच काही बिघडलेलं असतं, तेव्हा निमूट थांबायचं. परतीला घरी न्यायला कुणाला तरी बोलावून ठेवा. तेरा तासांनंतर स्वतः गाडी चालवत घरी जाणं हा त्या दिवसातला सगळ्यात धोक्याचा भाग ठरू शकतो.

सामानात दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, पॅच, मल्टी-टूल. पण सामान असून उपयोग नाही, हात बसलेला हवा. या आठवड्यात एका रात्री हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून मागचं चाक काढा, ट्यूब बदला, परत बसवा. पुढचं नव्हे, मागचंच, कारण चेन आणि गिअर तिथे असतात आणि पंक्चरही बहुतेक तिथेच होतं. पहिल्यांदा पाऊण तास लागेल आणि हात काळे होतील. चौथ्यांदा बारा मिनिटं. तो वाचलेला अर्धा तास म्हणजे तुमच्या २ तास २३ मिनिटांतला किती मोठा हिस्सा आहे ते बघा.

राहता राहिला गुडघा. त्याबद्दल नुसतं ‘कुरकुरतो’ यावरून मला ठाम काही सांगता येणार नाही. आधी सीटची उंची तपासा. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला न कलता. मग पायाचा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलकासा बाक राहतो. नव्या लोकांची सीट बहुतेक वेळा खाली असते, कारण सिग्नलला पाय टेकवायची भीती. माझीही पहिले चार महिने दुकानदाराने लावून दिली तशीच होती, तब्बल दोन इंच खाली. ढोबळ मानाने, वाटीच्या समोर दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा गिअर फार जड वापरताय, मागच्या खळगीत दुखत असेल तर सीट वर आहे. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा आणि दोन फेऱ्या करून बघा. तरीही दुखणं राहिलं, सूज आली किंवा चालतानाही दुखू लागलं, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

उंची तपासलीत की दुखणं गुडघ्याच्या पुढे आहे की मागे, कितव्या किलोमीटरनंतर सुरू होतं आणि मार्ग कुठला घेताय, एवढं कळवा.